पावणेदोन

सीबीएसच्या मागच्या बोळात माझं झेरॉक्सचं दुकान.
एका बाजूचे दोन रुपये. बोर्डावर लिहिलंय,
तरी ती विचारतेच, "कितीला?"
"दोन."
"पावणेदोन."

हा शब्द तिला गेल्या बुधवारी मिळाला,
नदीकाठच्या बाजारात, एका काळ्या तव्यावर.
तवा अडीचशेवरून पावणेदोनशेला आला
आणि तेव्हापासून सापडलेली किल्ली
दिसेल त्या कुलपाला लावून बघावी
तशी ती पावणेदोन लावून बघतेय.

म्हटलं, पंचवीस पैसे आता
देवळाच्या पेटीतसुद्धा पडत नाहीत, बाई.
"मग आठ काढा. चौदा रुपये."
हिशेब बरोबर होता. काढल्या.

लुदमिला थेटे. माहेर मोल्दोव्हा.
रात्री फोनवर नकाशा उघडून शोधलं:
एवढंसं आहे, पण द्राक्षांचं आहे,
म्हणजे आपल्या दिंडोरीच्या नात्यातलंच कोणीतरी.
भूषण तिकडे वाइनचं शिकायला गेला
आणि शिकून आला ते असं.

तिच्या सर्टिफिकेटांवर गोल शिक्के,
अक्षरांना कुठे टोपी, कुठे शेपटी.
अकरा वर्षं प्रयोगशाळेत.
माझ्या मशीनला त्याचं काय,
ते सगळ्यांनाच सारखं काळं करतं.

गंगापूर रोडच्या शाळेनं विचारलं, फ्रेंच शिकवाल?
"मला फ्रेंच येत नाही."
"कुणाला कळतंय, मॅडम."
लग्नाच्या इव्हेंटवाल्यानं विचारलं,
दारात ताट घेऊन उभं राहायचं,
संध्याकाळचे दीड हजार, नऊवारी आमची.
हे सांगताना ती हसली नाही.
तिनं फक्त विचारलं, "दीड म्हणजे एक आणि अर्धा ना?
मग तो अर्धा कशाचा?"
मला उत्तर आलं नाही. मी टोनर बदलत बसलो.

तोवर बाजारात मात्र तिचं नाव झालं होतं.
भद्रकालीत भोपळा टिचकी मारून घ्यायची,
वांग्याचं देठ आधी बघायची,
आणि भाव जमला नाही तर
पाठ फिरवून सात पावलं चालायची. मोजून सात.
सहाव्याला मागून हाक येते, म्हणाली,
"ओ ताई, घेऊन जा!"
जगातली सगळ्यात गोड हाक, असंही म्हणाली.

मग पिंपळगावची लॅब.
द्राक्षं बाहेर जायच्या आधी त्यांतलं औषध मोजायचं.
हे तर तिचंच काम, अगदी तिच्या मापाचं.
साहेबानं कागद चाळले.
"इथला अनुभव नाही. अठरा हजार."
ती म्हणाली, "तीस."
"अठरा."
"अठ्ठावीस."
साहेबानं चहा संपवला. "अठराच."

मग ती उठली.
कागद उचलले, पाठ फिरवली,
आणि व्हरांड्यातून चालायला लागली.
पाच. सहा. सात.
आठ.
पॅकहाउसच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं,
क्रेटवर क्रेट चढत होते,
अकरा, बारा,
फाटकापर्यंत एकोणसाठ पावलं झाली
तेव्हा मागून हाक आली,
"ओ मॅडम! ओ मॅडम!"
ती वळली. छातीत धडधड.
वॉचमन होता, हातात रजिस्टर.
"बाहेर जायची सही राहिली."

हे सगळं तिनं माझ्या काउंटरला टेकून सांगितलं
आणि मग हसली, इतकी
की शेजारचा स्टॅम्पपेपरवाला बाहेर येऊन बघून गेला.
मीही हसलो. नंतर वाटलं, हसायला नको होतं.

"बायोडाटात एक ओळ वाढवा," ती म्हणाली.
टायपिंगचे पंधरा होतात.
मी बोललो नाही, तीही बोलली नाही.
भाषा, या शब्दापुढे
रोमानियन, रशियन, इंग्रजी,
आणि आता चौथी:
मराठी, भाव करण्यापुरती.

'पुरती'वर माझं बोट थोडं थांबलं.
खोडू का, विचारणार होतो.
पण ती काचेतून बाहेर बघत होती,
समोर एक पेरूवाला गाडी लावत होता,
आणि तिचे ओठ हलत होते,
आकडा ठरत होता.