झिरोची मशीन

सत्तावीस वर्षं झाली सक्करदऱ्यात दुकान टाकून.
दोन खुर्च्या, तीन आरसे,
एकाला तडा, तो कॅलेंडरखाली.
नुसत्या मानेवरून मला कळतं
कोण गिऱ्हाईक रात्री झोपलं नाही.

तरी त्या सोमवारी, दुकान बंद असताना,
माझीच अक्कल शेण खायला गेली होती.
पारा शेहेचाळीसला टेकलेला.
ढेमशा मोरीत आडवा, जीभ बाहेर,
पोट भात्यासारखं खालीवर.
म्हटलं, एवढं केसांचं ओझं घेऊन बसला हा,
चल बाप्पा, आज तुझा नंबर.

पंधरा मिनिटांत मशीनचं पातं तापतं.
हे मला माहीत आहे,
कारण माणूस सांगतो,
'भाऊ, चटका लागून राहिला.'
मी थांबतो, पातं पुसतो, तेलाचा थेंब सोडतो,
तोवर पावसाचं, क्रिकेटचं काहीबाही.
ढेमशा काहीच बोलला नाही.
एकदा वळून त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं,
मशीनकडे नाही, हाताकडे,
आणि मान परत खाली घातली.
मला वाटलं, आवडून राहिलं याला.

दिवेलागणीला पोट लालभडक.
मांड्यांच्या आत पुरळ, राळे सांडल्यासारखं.
बूड घासत, अंग घासत
घरभर फिरला, फरशी पुरेना.
मी तुरटी काढली.
माझ्या तुरटीनं आजवर कुणाचं वाईट केलं नाही.

त्यानं जो आवाज काढला
तो उमरेडकरांच्या टीव्हीच्या वर गेला.
अवंती धावत आली,
हातातली तुरटी घेऊन खिडकीबाहेर भिरकावली.
'बाबा, तो गिऱ्हाईक आहे का?'

मडावी डॉक्टरीणबाईंनी फोनवर
आधी मला सगळं सांगू दिलं.
मग म्हणाल्या, 'केस म्हणजे त्याचा कूलर होता, दादा.'
एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
हळद नाही, डेटॉल नाही, पावडर नाही.
बर्फ नको, माठाचं पाणी.
चाटू द्यायचं नाही.
कापड ठेवायचं, घासायचं नाही.

ठेवायचं, घासायचं नाही:
एवढं माझ्या हातांना शिकायला
अर्धी रात्र गेली.

अवंतीच्या डब्यातले ओट्स,
जे ती येत्या सोमवारपासून खाणार होती,
गेले दोन वर्षं,
ते मिक्सरमधून काढले,
सुनंदाच्या जुन्या ओढणीत बांधले,
पाण्यात पिळले. दुधासारखं पाणी आलं.
ते थेंब थेंब पोटावर.
पहिल्यांदा त्याची कातडी थरथरली,
माशी बसल्यावर बैलाची थरथरते तशी.
मग कमी. मग अजून कमी.
अवंतीचा खो-खोचा टीशर्ट चढवला,
पाठीवर नऊ नंबर,
बाह्यांतून पुढचे पाय.
हसू आलं, पण कुणी हसलं नाही.

साडेअकराला लाइन गेली.
कूलरच्या ताट्या तेवढ्या ठिबकत राहिल्या.
दुकानातलं कापड आणलं,
गळ्याभोवती बांधतो ते,
दोन टोकं धरून वारा घालत बसलो.
ते कापड झटकताना फट् आवाज काढायची सवय आहे मला,
गिऱ्हाइकाला वाटतं, काम झकास झालं.
त्या रात्री आवाज येऊ दिला नाही.

चारला लाइन आली.
ढेमशाची हनुवटी माझ्या पावलावर.
पायाला मुंग्या, तरी हललो नाही.
मोरीच्या कोपऱ्यात त्याचे केस तसेच पडलेले,
एवढे, की अंधारात वाटावं
दुसराच एक कुत्रा झोपलाय तिथे.

केस आलेत आता. थोडे राठ, थोडे काळपट.
मशीन मात्र मी कुणालाही लावण्याआधी
माझ्या डाव्या मनगटावर टेकवून पाहतो.
परवा डांगोरे मास्तरांनी विचारलं,
'हे काऊन असं गुळगुळीत झालं रे?'
म्हटलं, घड्याळाचा पट्टा घासते, सर.
मास्तर म्हणाले, 'पण तू घड्याळ घालत नाहीस.'
मी त्यांची मान जरा खाली वाकवली.