माकडहाड

डॅडी मोरीत घसरले, बदकन बसले.
राजारामपुरीत एक्स-रे काढला.
डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, माकडहाडाला चीर आहे.
डॅडी वरमले.
चिरेनं नव्हे, नावानं.

आमच्या घरात शास्त्र म्हणजे
काळ्या पुठ्ठ्याचं, लाल कडांचं,
कपाटावर, हात सहज पोचू नये इतकं उंच.
शाळेत मी शिकवते तेही शास्त्रच,
दहावी ब, मधल्या सुट्टीनंतरचा पेंगुळलेला तास.
एका शब्दात दोघं राहतात
भाड्याच्या खोलीतल्या दोन बिऱ्हाडांसारखे.
नळ एक,
आणि पाणी सकाळी सहालाच येतं.

प्रज्योतनं विचारलं,
मॅडम, तुम्ही चर्चला जाता ना?
मग खरं कुठलं? मातीपासून माणूस, का माकडापासून?
मी म्हटलं, माकडापासून नाही रे,
माकडं आपली चुलत घराण्यातली.
मागून कुणीतरी म्हणालं, म्हणजे भाऊबंदकी.
वर्ग हसला.
मी फळ्यावर शेपटीचे उरलेले चार मणके काढले
आणि त्याचा पहिला प्रश्न तसाच ठेवला.

ते चर्चपर्यंत गेलं.
नवे पाळकसाहेब म्हणाले, सहा दिवस म्हणजे सहा दिवस,
चोवीस-चोवीस तासांचे.
संडे स्कूलचा वर्ग माझ्याकडून काढून घेतला.
कमिटीत नऊजण होते, डॅडी त्यातले एक.
घरी येऊन म्हणाले, चहा टाक.

आता ते हवेच्या उशीवर तिरके बसलेत.
मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर,
औषध ग्रेन-ग्रेन तोललं,
कुणाला डोसाऐवजी प्रार्थना दिली नाही
आणि प्रार्थना पुटपुटल्याशिवाय बाटलीला बूच लावलं नाही.
एक्स-रे खिडकीला धरून बघतात.
"हे शेवटचं?"
हो. वाकडं आहे ते.
"शेपूट होतं म्हंतीस."
आपल्याला नाही. आधीच्यांना.
"किती आधी?"
अडीच कोटी वर्षं.

रंकाळ्याचा नंदी रोज गव्हाभर पुढं सरतो,
तांदळाभर मागं, असं कुणी सांगितलं
की हेच डॅडी हसायचे, दगड कुठं चालतोय व्हय.
आज हसले नाहीत. बोटांवर शून्यं मोजली,
जुन्या सवयीनं परत एकदा मोजली.
"त्यानं घाई केली असं मी कधी म्हटलं?"

कमिटीत नाही म्हटलंत, मी म्हणाले.

बराच वेळ नुसती फिल्म वाजत राहिली
पंख्याच्या वाऱ्यावर.

मग त्यांनी ती माझ्याकडं दिली.
"ने शाळेत. पोरांना दाखव."
कोपऱ्यात नाव होतं, शांतवन येसबा चोपडे, वय ७४.
झाकू का?
"असू दे. पाळकाचा पोरगा पण तुझ्याच वर्गात हाय न्हवं?"

मी फिल्म पाकिटात सरकवत होते
तोवर पाठीमागून आवाज आला,
"आणि वाकडं म्हणू नकोस त्याला.
वळवलेलं म्हण."