हातचा

चंद्र मावळला तीन वाजून सात मिनिटांनी.
तोवर आरसे तोंड फिरवून उभे होते
आणि इसास्कर जनरेटरच्या खोलीत
काठी बुडवून डिझेल मोजत होता.

आता वळव, मी म्हणाले. भट्टीकडे.

भट्टी म्हणजे दक्षिणेच्या आभाळातलं एक फिकट नक्षत्र.
आग बिग काही दिसत नाही.
तिथे दीर्घिकांचा एक घोळका आहे,
आणि त्या अशा भरधाव फिरतात
की केव्हाच उधळून जायला हव्या होत्या.
नाही गेल्या.
दिसेल ते सगळं मांडलं तरी बेरीज तोकडीच पडते;
कुणीतरी हातचा धरलाय
आणि पाटीवर तो कुठेच लिहिलेला नाही.

तो हातचा आपल्यातच आदळून विझत असेल
तर गॅमा किरण निघावेत, असं आमचं गणित.
सहा कोटी वर्षं चालून आलेला किरण
या खोमासच्या पठारावर, हवेतच फुटावा:
निळा, पापणीला कळायच्या आत संपलेला.

अर्धं लक्ष भट्टीवर.
अर्धं शेजारच्या आभाळावर, जिथे काहीच नाही,
त्याच आरशांनी, तितक्याच निगुतीनं.
मग यातून ते वजा.
अकराशे साठ. अकराशे अठ्ठावन्न.
दोनाला आमच्यात कुणी विचारत नाही.

इसास्कर कॉफी घेऊन आला, बादली पालथी घालून बसला.
"सापडलं, बोग्ना?"
"नाही."
"माझ्या बापानं चाळीस वर्षांत बिबट्या पाहिला नाही.
पण कोरड्या नदीच्या त्या काठाला
शेळ्या कधी गेल्या नाहीत.
एवढं त्याला पुरे होतं."
"मग कुंपण किती उंच घातलं त्यानं?"
तो जरा थांबला.
"उडी याहून मोठी नसेल, असं वाटलं, तेवढं."

मी कप खाली ठेवला.
सात वर्षं मी अहवालात हेच लिहीत आलेय,
फक्त इतकं सोपं नाही:
असलाच, तर याहून उजळ नाही.

उजाडायच्या आत आरसे खाली झुकवावे लागतात,
नाहीतर सूर्य त्यांच्यातूनच आग लावील.
त्यानं ते झुकवले. कुठेतरी बबून ओरडलं.
त्याच्या वहीत: डिझेल, चार बोटं कमी.
माझ्या: रात्रीचे अडीच तास, आभाळ स्वच्छ.
कुंपण केसभर खाली आलं असेल.
उडी मारणारा
अजून पलीकडेच.