रकाना क्रमांक सात

नगरपंचायतीच्या अर्जात सातवा रकाना आहे:
उत्सवाचा उद्देश.
अकरा वर्षं मी त्यात 'परंपरागत' लिहीत आलो.
यंदा अर्ज संगणकावर,
आणि संगणक म्हणतो, हा शब्द चालणार नाही.

तर उत्सव असा.
वैशाखी अवसेला, डांबर चपलेला चिकटतं त्या वेळी
जिनिंगमागच्या पत्र्याखालून शिडी निघते.
तेवीस पायऱ्या. सातवी गेलेली, ती कुणी बसवत नाही.
पुढं हलगी, मागं आंबिलीची पिंपं,
पोरांच्या कोपरापर्यंत गोळ्याचा लाल रंग,
आणि बाजारतळावर, जिथं टेकायला भिंत नाही, झाड नाही,
तिथं ती उभी करतात.
चार बाजूंनी चार दोर, घायपाताचे.
धोंडीराम सगट बाकीचे दोर विकतो, हे चार विकत नाही.

मग एक लेकरू चढतं.
वर जाऊन चहूकडं बघतं
आणि ओरडतं: न्हाईऽऽ!
खाली सगळं गाव म्हणतं: बरं.
झालं. शिडी आडवी. माणसं जेवायला घरी.

काय नाही?
मन्मथअप्पा सांगतात, निजामाच्या काळात एक गिरदावर
'आलोच' म्हणून गेला, सारा मोजायचा राहिला.
महेबूबसाब म्हणतात, टोळ.
विज्ञानाचे बिडवे सर खडूनं दाखवतात
की मे महिन्यात एका दुपारी सावली पायाखाली विरते,
शिडी म्हणजे घड्याळ.
पण सर, तिथी दरसाल सरकते, सूर्य कुठं सरकतो?
सर फळा पुसतात.
बांगड्यावाली हौसाबाई म्हणाली,
'उगं डोकं खाऊ नको. आलं असतं तर कळलं नसतं व्हय?'

एक गोष्ट अर्जात येणार नाही.
त्र्याऐंशी साली शिडीवर मी होतो.
सातवी पायरी ओलांडताना चड्डी उसवली.
वर पोचलो तर शिडी श्वास घेतल्यासारखी हलत होती,
आणि मी डोळे गच्च मिटले.
मिटल्या डोळ्यांनी ओरडलो: न्हाईऽऽ!
गाव म्हणालं, बरं.
माझ्या शब्दावर चार हजार माणसं जेवली.
त्या साली काही आलं असेल तर ते माझ्यामुळं आत आलं.
अजून कुणाकडं अनोळखी पाहुणा दिसला
की मी आधी त्याचे पाय बघतो.

यंदा चढली वडारगल्लीतली यल्लू,
एका पायात पैंजण, दुसरं हरवलेलं.
वर गेली आणि थांबली.
दोर हातात तापत गेले.
'दिसायलंय का काही?' खालून कुणीतरी.
वरून आवाज आला:
'काय बघायचं ते तर सांगा!'

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
हलगीवाल्यानं टिपरू काखेत धरलं.
मन्मथअप्पांनी महेबूबसाबांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं,
मी दोराकडं.

मग तिचं तीच सांगू लागली.
पूल हाय, नदी न्हाई. पुलाखाली टँकर हाय.
म्हशी बसल्यात.
सोलारच्या पाट्या, लई चमकायल्यात.
माझी माय हाय तिकडं, खडीवर. ए माय, वर बघ की!
थोडं थांबली.
'समदं हाय,' म्हणाली. 'ते न्हाई.'

बरं, म्हणालो आम्ही, पण एका दमात नाही.
कुणी आधी, कुणी मागून,
लांबून आणलेले हंडे एकेक करून खाली ठेवावेत तसं.

रात्री कार्यालयात बसलो.
रकाना सात रिकामा ठेवता येत नाही.
त्यात एक उभी रेघ लुकलुकत होती, टेकायला काही नसलेली.
तळहातावरचा दोराचा वळ झोंबत होता.
मी टाईप केलं: नाही.
यंत्रानं जरा वेळ चहूकडं बघितल्यासारखं केलं
आणि हिरवी खूण आली.
बरं, मी म्हणालो,
पंखा बंद केला, जेवायला घरी गेलो.