गळाचं टोक

धाकू तांडेलला सोनोग्राफी लगेच कळली होती.
"आमचा फिशफाइंडरच हा!
आवाज खाली सोडायचा,
काय परत येतं ते बघायचं."
पोटावरची गार जेली पुसत हसला होता.

आज दापोलीत, एमआरआयच्या दारात मी विचारलं,
अंगात कुठे लोखंड?
"नाय."
मग बुटाकडे बघत,
"पोरवयात, हर्णैच्या खाडीत,
गळ उडालेला डोळ्याकडे."

एक्स-रे काढला.
कवटी पांढुरकी, मांस नुसती सावली,
आणि बुबुळामागे कणीएवढं
लख्ख टोक,
चाळीस वर्षं गप्प बसलेलं.
चुंबकाने ते जागं केलं असतं.

म्हणून सीटी.
सुरमईसारखं डोकं तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं,
सुरी न लावता.
शोधत होतो ते सापडलं नाही.

जाताना म्हणाला,
"मासा तवाच सुटला, बाय.
गळाला लागलो तो मी."