पद : फावडं

फेब्रुवारी. ओहायोतल्या या टेकडीवर
सहा दिवस ऊन नाही.
आज माझ्या वाट्याला चाळीस अर्ज,
प्रत्येकी बारा मिनिटं.

अभ्यासेतर : एक ते पाच.
पाच म्हणजे संस्थापक, अध्यक्ष, राज्यपातळी.
काल एकाने सतराव्या वर्षी तीन संस्था काढल्या होत्या,
तिन्हींचा खजिनदार धाकटा भाऊ.
चार दिले. हात सरावलेला असतो.

मग आउने किन्नुनेन, मिशिगनचं पार वरचं टोक.
दहा ओळींची जागा, भरलेली एकच :
'शेजारच्या चार म्हाताऱ्यांच्या दारचा बर्फ काढते, शाळेआधी.'
आठवड्याचे तास : बर्फ ठरवेल तेवढे.
पद : फावडं.

मला हसू आलं, ते अर्ध्यातच राहिलं.

"नेतृत्व?" डेझमंड टेबलापलीकडून विचारतो.
त्याच्या पुढ्यात तीच तागडी, तीच वजनं.
"प्रभाव किती जणांवर?"
चार.
हे तर पासंगालाही पुरायचं नाही,
तो म्हणत नाही, पान उलटतो.

खाली एक पुरवणी जोडलेली, जानेवारीतली :
मिस्टर हाल्मे वारले.
कृपया चारचे तीन करावेत.

अकरा वर्षांत
आकडा कमी करून मागणारं
कुणी आलं नव्हतं माझ्याकडे.

बारा मिनिटं कधीच संपली.
रकाना कोरा.
आमच्या इमारतीच्या पायऱ्या रोज सकाळी मोकळ्या असतात,
खाली मीठ करकरतं बुटांच्या.
कोण करतं ते
डेझमंडला विचारलं.
त्यालाही ठाऊक नव्हतं.