मुका माज

सुकुमारच्या मोटारसायकलचा आवाज मला
कारखान्याच्या वळणावरूनच कळतो.
मागं दोरीनं आवळलेला नायट्रोजनचा डबा,
झाकण उघडलं की धूर, आणि धुरात गोठलेल्या कांड्या.

भिलवडीपासून पलूसपर्यंत बारा गावच्या म्हशी त्याला तोंडपाठ.
कुणाची दोनदा उलटली, कुणाची गाभ राहिली,
कोण दावणीला धडका देते,
कोण नुसतीच चारा सोडून उभी राहते.
उन्हाळ्यात म्हैस ओरडत नाही, तो गोठ्यागोठ्यात सांगतो,
मुका माज असतो तिला.
पहाटे बघा, बसली होती तिथनं उठवून बघा,
जमिनीवर सोट पडलेली असते, काचेसारखी, तार धरणारी.
दूध अर्ध्या लिटरनं कमी आलं तरी मला फोन करा.
सकाळी दिसलं तर संध्याकाळी भरवायची,
संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या सकाळी.
उशीर केला की एकवीस दिवस गेले.

मी डेअरीत फॅट लावते.
कुणाचं दूध कमी आलं हे त्याच्याआधी मला कळतं.

लग्नाला सहा वर्षं.
मला पहाटे कुणी बघितलं नाही.
मीही नाही.
नववीच्या पुस्तकातलं ते पान
बाईंनी घरी वाचा म्हणून उलटलं होतं,
आणि घरी मी ते उघडलं तेव्हा
काकी समोर शेंगा फोडत बसली होती.

मिरजेच्या शिरगुप्पे मॅडमनी थर्मामीटर लिहून दिला.
डोळे उघडल्या उघडल्या, अंथरुणातच, बोलायच्या आधी.
छत्तीस चार, छत्तीस तीन, छत्तीस चार,
मग एका गुरुवारी छत्तीस सात.
धावत उपकेंद्रात गेले कागद घेऊन.
नदाफ सिस्टर हसल्या.
बाई, ही एस.टी. गेल्यावरची धूळ.
गाडी काल गेली.

मग गाडी यायच्या आधी काय दिसतं?
त्यांनी आवाज खाली घेतला.
अंड्यातलं पांढरं असतं ना, कच्चं, तसं. दोन बोटांत ताणलं तर तुटत नाही.

आमच्या घरात अंडं कधी फुटलेलं नाही, सिस्टर.
सासूबाई तर सूर्य बुडाल्यावर जेवतही नाहीत.
मी मान हलवली, कळल्यासारखी,
आणि परत येताना कृष्णेच्या पुलावर
एकदम थांबले.
सोट.
सोट म्हणायचं होतं त्यांना.

इतकी वर्षं मी ते
आजार समजून धुवून टाकत होते.

पुढचा महिना मी स्वतःला गोठ्यातल्यासारखं राखलं.
अकराव्या दिवशी काही नाही.
बाराव्या दिवशी ओल, नुसतीच.
तेराव्याला डाव्या कुशीत बारीक कळ,
शिवणाची सुई चुकून टोचावी तशी,
आणि दुपारी फॅटच्या बाटल्या धुताना
विनाकारण गाणं तोंडात.
चौदाव्या पहाटे
दोन बोटांमध्ये तार. तुटेना.
मोरीतल्या चाळीसच्या दिव्याखाली
मी तिच्याकडं बघत राहिले,
माझीच, आणि पहिल्यांदा भेटलेली.

तो तर साडेपाचलाच अंकलखोपला गेलेला,
कुणाची तरी पहिलारू अडली होती.

मी फोन लावला.
आवाज जरा जाड करून म्हटलं,
डॉक्टर, आमच्याकडं यायला लागतंय आज.
कधी दिसलं? त्यानं सवयीनं विचारलं.
सकाळी.
मग संध्याकाळी येतो, नाव सांगा, गाव सांगा.
मी नाव सांगितलं.

पलीकडं रेडकू ओरडत होतं,
कुणीतरी गरम पाण्याची बादली मागत होतं,
आणि तो
बराच वेळ
काहीच बोलला नाही.

मग म्हणाला, ओरडली असतीस की आधी.

मी म्हटलं, ओरडतच होते.
तुला मुकं तेवढं ऐकू येतं म्हणतात बारा गावं.

थर्मामीटर उशाखाली आहे अजून.
आज बघायचा राहिला.
सातच्या सुमाराला वळणावर आवाज आला,
नेहमीपेक्षा वेगात,
आणि मागचा डबा रिकामा असल्यासारखा
खडखडत.